तळ्यावरची थाळी आणि माझी शेगडी

शेवंता, माझी धाकटी बहीण, चंद्रपूरकडच्या मूल या गावापासून थोड्या आतल्या खेड्यात राहते. चुलीच्या धुरानं तिचे डोळे चुरचुरतात, म्हणून यंदा मे महिन्यात मी विजेची शेगडी पिशवीत घातली आणि निघालो. उन्हाळ्यात जाऊ नका, असं घरचे म्हणाले. मी ऐकतो थोडाच!

नागपूरहून सकाळच्या पहिल्या एसटीनं चंद्रपूर गाठावं आणि तिथून मूलची गाडी धरावी. दुपारची गाडी पकडलीत तर भाजून निघाल. मूलनंतर रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना धानाची रिकामी शेतं, मग साग आणि मोह. शेवटचा टप्पा काळीपिवळी जीपनं. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा.

गावाला मोठं तळं आहे. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, असलेल्या टिनाच्या खोलीत बायकांच्या बचत गटाचा फ्रीझर आहे, आणि तो शेवंताच्या ताब्यात. दिवसभराची मासळी त्यात ठेवतात, पहाटे गाडी मूलच्या बाजारात नेते. मागच्या उन्हाळ्यात व्होल्टेज पडून आधीच्या फ्रीझरची मोटर जळली आणि सगळी मासळी खड्ड्यात पुरावी लागली. हा दुसरा मोठ्या खटपटीनं मिळालाय, तिसरा कोणी देणार नाही.

म्हणून गावानं एक रीत बसवलीय. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर, पंप एकदम सुरू होतात, तेव्हा शेवंता खोलीतल्या बल्बवर नजर ठेवते. तो लालसर झाला की थाळी बडवायची. एकदा वाजली तर वरच्या आळीनं कूलर-मोटारी बंद करायच्या, दोनदा वाजली तर खालच्या आळीनंही. दिवा आणि पंखा तेवढा ठेवायचा. हे मला दुपारी जेवताना, मरळ माशाचा रस्सा ओरपत असताना तिनं सांगितलं होतं. मी मान डोलावली. लक्ष रश्श्यात.

सातच्या सुमाराला ती पाळीवर गेली. मला वाटलं, येईपर्यंत नव्या शेगडीवर चहा करून ठेवावा. आधण ठेवलं. थाळी वाजली एकदा, मग दोनदा. शेजारचे कूलर गप्प झाले. मी शहाण्यासारखा आमचाही कूलर बंद केला आणि चहासाठी आलं ठेचत बसलो. थाळी काही थांबेना.

थोड्या वेळानं शेजारची कमलबाई दारात. ती घरोघरचे मीटर बघत आली होती. आमच्या ओसरीवरच्या मीटरची चकती गरगर फिरत होती.

"भाऊ, सारी आळी घामानं भिजून राह्यली, अन् तुमच्या घरी काय शिजून राह्यलं?"

चाळीस वर्षं मी विजेच्या मोटारी बांधल्या, म्हणजे त्यांच्या जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळल्या. कोणी शिकवलं नाही, जळालेल्या उकलून शिकलो. कमी व्होल्टेजनं मोटर कशी जळते हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय. शेगडीचं बटण बंद केलं आणि तसाच पाळीकडे धावलो.

शेवंतानं फ्रीझरचा प्लग काढून हातात धरला होता. आत त्या दिवशीची सगळी रोहू. ती रागावली नाही.

"दादा, तू मोटारवाला ना? मंग तूच सांग, आता लावू का नको?"

बल्ब पांढरा झालेला दिसत होता. तरी मी थोडा वेळ थांबायला लावलं, मगच म्हटलं, लाव. तिनं प्लग खोचला. मोटर एकदा कण्हली आणि घुमायला लागली. मी झाकणावर हात ठेवून उभा राहिलो, ताप उतरलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

चहा शेवटी चुलीवर झाला. कमलबाईला पहिला कप दिला. पहाटे रोहू बर्फासारखी टणक निघाली आणि गाडीत चढली.

घरी आल्यावर मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, परदेशात आता असे मीटर निघालेत की गर्दीच्या वेळी घरातली यंत्रं आपणहून थांबवतात. चांगलं आहे, आपल्याकडेही यावेत. तोवर मी टाकीची मोटर सकाळीच चालवून घेतो. सात वाजले की कान अजून थाळीकडे लागतात.

शेगडी मी परत आणणार होतो, शेवंतानं दिली नाही. दुपारी दोनला गाव निजलेलं असतं, बल्ब पांढराशुभ्र असतो, तेव्हा ती तिच्यावर चहा करते, धुराशिवाय. फोन मी आता त्याच वेळी करतो.