जोडीने टांगलेले बोंबील

लेकीला तिसरीत गृहपाठ आला: शहर आणि गाव यांतला फरक लिहा. पुस्तकातल्या गावात गाय होती, विहीर होती आणि फेटा बांधलेले आजोबा होते. तिने विचारलं, "आई, तुझं गाव असंच आहे का गं?"

माझं माहेर उत्तन. तिथे गाईंपेक्षा होड्या जास्त. शिवाय आमच्या भाईंदर पूर्वेची आणि उत्तनची महापालिका एकच, म्हणजे कागदोपत्री तेही शहरच. हे पुस्तकाला कोण सांगणार? म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? रविवारी चल, दाखवतेच.

ऐट मोठी केली, पण बसमध्ये बसल्यापासून मला एकच काळजी होती. आमच्या बिल्डिंगमध्ये मासळीचा वास आला की जिन्यात कुजबुज सुरू होते, म्हणून मी खिडक्या लावून मासे तळते. पोर त्यातच वाढलेली. तिने माझ्या वहिनीसमोर नाक धरलं, तर ते मला फार लागणार होतं.

धरलंच. उतरल्या उतरल्या. मी डोळे वटारले तेव्हा हात खाली आला, नाक मात्र मुरडलेलंच राहिलं.

अंगणात बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वहिनीने बोंबील वाळत घातले होते. आमच्याकडे ते एकेकटे टांगत नाहीत. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. आमचा चहा होईपर्यंत बाईसाहेबांनी खालची अख्खी रांग सोडवली होती. बोंबील सगळे वाळूत.

"ते एकमेकांना चावत होते," ती म्हणाली. "मी भांडण सोडवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीची पहाटेपासूनची मेहनत होती ती. वहिनी मात्र पोट धरून हसली.

"आगो बाय, ते भांडत न्हायत. एकामेकाला धरून हायत, म्हणून तर वाऱ्यानं पडत न्हायत."

तिने बोंबील धुतले आणि पोरीला शेजारी बसवून जबड्यात जबडा अडकवायला शिकवलं. पहिले काही निसटले, मग बोटांना जमलं. नाकाकडे जायला हात मोकळा राहिलाच नाही.

निघताना वहिनीने आधी वाळलेल्या बोंबलांची पिशवी दिली. ती कुणाला दिसू नये म्हणून मी ओढणीखाली धरली. लिफ्टमध्ये शेजारीण भेटलीच. तिने लेकीला विचारलं, "क्या लायी बेटा, मम्मी के गाँव से?"

मी सवयीने 'कुछ नहीं' म्हणायला तोंड उघडलं.

"बोंबील. हमारे गाँव के," लेक म्हणाली, आणि बोटांत बोटं अडकवून ते कसे टांगतात ते शेजारणीला दाखवू लागली.

सकाळपर्यंत ते गाव फक्त माझं होतं.