जयवंतदादाची काही तक्रार नाही

आमच्या दादाला राग येत नाही. येत असेलही, पण तो बाहेर काढायची त्याला सवय नाही. त्याच्या वाटचा सगळा राग आईनं माझ्याच ताटात वाढला असावा. म्हणून हे मी सांगतेय. त्यानं सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, कंपनीनं त्याच्यावर उपकारच केले.

दादा म्हणजे जयवंत, वय वर्षं छप्पन्न, मूळ चंद्रपूरचा. तिकडे वीज केंद्रात बॉयलरवर होता, इकडे क्राइस्टचर्चला येऊनही बॉयलरवरच लागला. तिथल्या हॉर्नबी भागात एक मोठी लाँड्री आहे, हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, गाऊन धुणारी. पाणी तापवायला आणि इस्त्रीचे मोठाले रोलर गरम ठेवायला तिथे वाफ लागते, आणि ती वाफ कोळशाच्या बॉयलरवर निघायची. तो बॉयलर दादानं सोळा वर्षं सांभाळला. मी नर्स आहे. माझ्या वॉर्डातल्या चादरीसुद्धा त्याच्याच वाफेवर इस्त्री होऊन यायच्या. नवीन पेशंटसाठी पलंगावर चादर घालताना मी म्हणायचे, चला, दादानं पाठवलंय.

त्याचं काम बघायला मी एकदा गेले होते. दर सोमवारी सकाळी हा माणूस एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळ्या शेडमधून फिरायचा. वाफेच्या पाइपांवर जागोजागी छोट्या झडपा असतात, साचलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या आणि वाफ आत ठेवणाऱ्या. झडप बिघडली की वाफ गुपचूप वाया जाते, आणि तेवढा कोळसा जास्त जळतो. दादा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक झडपेला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. डॉक्टर छाती तपासतात तसा. "ही बरी आहे. हिला सर्दी झालीय." अशा सत्तर-बहात्तर झडपा. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाया जाताना बघवत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्या एका सवयीनं लाँड्रीचा कोळसा किती कमी झाला असेल बघा, आणि तेही ऑफिसात कुणी कार्बनचा क सुद्धा उच्चारत नव्हतं तेव्हा.

पुढे कंपनीला कार्बन कळला. म्हणजे हॉस्पिटलनं विचारायला सुरुवात केली, तेव्हा कळला. मग सल्लागार आला, सूटबूट घालून. दादानं त्याला तीन दिवस शेडभर फिरवलं आणि सगळं समजावून दिलं. सल्लागारानं ते रंगीत तक्त्यांत घालून मॅनेजरला विकलं. आयत्या बिळावर नागोबा. दादाला विचारलं तर म्हणाला, "असू दे गं, काम झालं ना."

ठरलं असं, की कोळसा बंद करायचा आणि विजेवर चालणारा बॉयलर आणायचा. मला कुणी कोळशाची कैवारी समजू नका. तो बंद व्हायलाच हवा होता. चंद्रपूरच्या राखेत आम्ही वाढलो, वाळत घातलेले कपडे दोनदा झटकायचे हे आम्हाला कुणी शिकवायला नको. दादा तर सगळ्यांहून खूश होता. मीटिंगमध्ये मॅनेजर ग्रँट म्हणाला होता, "ह्या बदलात आम्ही कुणालाही मागे ठेवणार नाही. बॉयलरवरच्या तिघांना नव्या मशिनरीचं ट्रेनिंग देऊ." दादानं घरी येऊन आधी वहिनीला, मग मला फोन करून ते जसंच्या तसं ऐकवलं.

आता खरा घोळ ऐका, कारण हा घोळ आपल्यातला माणूसच घालू जाणे.

एप्रिलमध्ये आमच्याकडे हॉल घेऊन जयंती असते. दादानं ग्रँटला बोलावलं. तो बायकोला घेऊन आला, पाटवडीचा रस्सा दोनदा मागून घेतला, घामाघूम झाला, 'जय भीम' म्हणायलाही शिकला. सगळ्यांना कोण कौतुक. मलाही वाटलं, बरा दिसतोय माणूस.

त्यानंतर दहाव्या दिवशी ह्याच ग्रँटनं तिघांच्या हातात एकेक कागद ठेवला. कंपनीचा असा असा प्रस्ताव आहे, बॉयलर अटेंडंटची पदं राहणार नाहीत, तुमचं काय म्हणणं आहे ते दोन आठवड्यांत लिहून द्या. इथला कायदाच तसा आहे, कामगाराला आधी विचारावं लागतं. इथला माणूस असता तर त्यानं युनियनच्या बाईला शेजारी बसवून चार पानं लिहिली असती. ट्रेनिंगचं काय झालं, मला दुसरं काय काम देणार, सगळं विचारलं असतं. आणि कंपनीला उत्तर द्यावं लागलं असतं.

आमच्या दादानं लिहिलं, 'मला काही तक्रार नाही. कंपनीनं मला खूप दिलं. आभारी आहे.' खाली सही.

का? तर ग्रँट आपल्या पंगतीत जेवून गेलेला. जेवून गेलेल्या माणसाच्या विरुद्ध कागदावर कसं लिहायचं? आणि ट्रेनिंगचं तो तोंडानं बोललाय की, पुन्हा लेखी विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं! रणजित म्हणून त्याच्या जोडीचा आहे, त्यानं दादाचं बघून तेच लिहिलं. तिसऱ्यानं काही लिहिलंच नाही, कागद मिळाल्यावर तो नोकरी सोडून गेला.

हे मला कसं कळलं माहीत आहे? दादाकडून नाही. जूनमध्ये वॉर्डात लाँड्रीची चकचकीत पुस्तिका आली, 'आमचा हवामानाचा प्रवास' नावाची. मुखपृष्ठावर दादा, हसणारा, हातात तोच स्क्रू-ड्रायव्हर. आत त्याचं वाक्य मोठ्या अक्षरांत: 'मला काही तक्रार नाही.' त्याखाली, कामगारांशी पूर्ण सल्लामसलत करून न्याय्य रीतीनं केलेला बदल. शेवटच्या पानावर सल्लागाराचे आभार.

मी ड्यूटी संपवून तशीच त्याच्या घरी गेले. वहिनीनं, म्हणजे सुरेखानं, दार उघडलं आणि ड्रॉवरमधलं पत्र माझ्या हातात दिलं. पद संपुष्टात. चार आठवड्यांची नोटीस. नऊ दिवस ते पत्र ड्रॉवरमध्ये होतं आणि हा माणूस रोज डबा घेऊन कामावर जात होता.

"अरे, काय केलंस हे?" मी ओरडले. "हॉलमध्ये दोन तास हक्कांवरची भाषणं ऐकलीस, टाळ्या वाजवल्यास, आणि दहा दिवसांत स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही."

त्याची मुलगी अनुया म्हणाली, "डॅड, यू थँक्ड देम. फॉर सॅकिंग यू." "मला वाटलं, ते आभाराचं विचारतायत," दादा एवढंच बोलला.

मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण दादा भोळा होता, आणि तो ग्रँट? त्याला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस नाही म्हणणार नाही. ते ओळखून त्यानं कागद पुढे केला, आणि त्या माणसाचा चांगुलपणा उचलून मुखपृष्ठावर छापला. पृथ्वी वाचवताय ना? वाचवा की. आम्हालाही तिच्यावरच राहायचंय. पण वाचवल्याचं श्रेय तुमचं आणि किंमत मात्र दादाची, हा कुठला न्याय? गरज सरो, वैद्य मरो. मेले न्याय्य म्हणे!

जुलैत दादा घरी बसला. छप्पन्नाव्या वर्षी अर्ज करतोय, कुणी उत्तर देत नाही. दादाच्या घराचं अजून अकरा वर्षांचं कर्ज आहे. वहिनीनं क्लीनिंगची दुसरी शिफ्ट धरली.

ऑगस्टमध्ये वॉर्डात चादरी दमट यायला लागल्या. पहिल्या आठवड्यात थोड्या, मग ट्रॉलीच्या ट्रॉल्या परत पाठवायची वेळ आली. मी दादाला सांगितलं. त्यानं एका वाक्यात निदान केलं: "झडपांकडे कुणी बघत नाहीये. बॉयलर नवा, पण पाइप तेच ना."

त्याच रविवारी आम्ही त्याच्याकडे जेवायला बसलो होतो आणि ग्रँटचा फोन आला. दादाचे हात भाकरीला लागलेले, म्हणून अनुयानं फोन स्पीकरवर ठेवला.

"किया ओरा, जय!" त्यानं इथला नमस्कार घातला. "कसा आहेस, मित्रा? जरा मदत हवी होती. वाफ पुरत नाहीये, वीज मात्र ढीगभर जातेय. तुझं ते कान लावून ऐकायचं तंत्र होतं ना, एक-दोन सकाळी येऊन आमच्या पोरांना दाखवून जाशील? मॉर्निंग टी आमच्याकडून."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला. दादा फोनकडे वाकला. मला वाटलं, आता हा 'हो, उद्याच येतो' म्हणणार. त्याच्या ओठांवर ते आलेलं मला दिसत होतं.

"ग्रँट," तो म्हणाला, "तुमच्या पत्रात लिहिलंय की हे काम आता उरलेलं नाही."

"हो, म्हणजे पद उरलेलं नाही, पण—"

"मग मी काय करायला येऊ?"

पलीकडून ग्रँट 'तसं नव्हे रे' म्हणू लागला.

"काम असेल तर नोकरी आहे," दादा हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलला. "नोकरी असेल तर मला काढलं कसं? मला आणि रणजितला ट्रेनिंग देणार होतात. ते द्या. लेखी पाठवा. मग मी येतो."

ग्रँट म्हणाला, बघतो, बोलतो वर. फोन बंद झाला.

मी दादाकडे पाहिलं. कपाळावर घाम, भाकरीचा तुकडा हातात तसाच. सोळा वर्षांची नोकरी गेली तेव्हा न घाबरलेला माणूस आता घाबरला होता.

"दीना," त्यानं मला हळूच विचारलं, "मी उद्धट बोललो का गं?"

माझ्या डोळ्यांतून रागानं पाणी आलं. "नाही दादा," म्हटलं, "तू कमी बोललास."