अनवाणी पाय आणि गेटचा कायदा

आमच्या गावात बाई कुणाच्या दारात गेली की पाण्याआधी प्रश्न येतो, "कोनासंगं आयलीस गो?" माहेरी जा, दवाखान्यात जा, मयताला जा, प्रश्न हाच. बाई आपली आपण आली असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आईला हा प्रश्न जन्मभर विचारला गेला आणि ती जन्मभर "ह्यांच्यासंगं" असं उत्तर देत आली. मग बाबा गेले. प्रश्न मात्र गेला नाही.

गाव कासूच्या बाजूला, खाडीलगत. आईबाबा दोघंही मिठागरात राबलेले. मी लग्न होऊन रोह्यात आले, तिथे ब्लाउज शिवायचं माझं छोटं दुकान आहे. आणि मध्ये, निडीला, आईची एकुलती एक बहीण, माझी मावशी. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. घरात मुलगा आहे, सून आहे, दोघं चांगली आहेत, पण आंघोळ मावशी फक्त आईच्या हातची घेते. सुनेने तांब्या उचलला तरी तोंड फिरवते. बाबा होते तोवर आईला स्कूटरवर मागे बसवून नेत आणि मावशीचं आवरून होईपर्यंत ओटीवर विडी ओढत बसत.

बाबांच्या मागे उरली रेल्वे. कासूला गाडी थांबते, निडीलाही थांबते, पण गाड्या मोजक्या. एक चुकली की दिवस गेला. दुसरा आधार काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा. ते डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामगार. "वयनी, उद्या मी सोडतो तुला," म्हणायचे आणि उद्या त्यांची शिफ्ट बदलायची. आई लुगडं नेसून, डबा भरून ओटीवर बसलेली असायची. तिकडे निडीला मावशी पारोशी पडून असायची. फोनवर ती एवढंच विचारायची, "आज पन नाय?" मी माहेरी असले की ते ऐकून आई फोन माझ्याकडे द्यायची.

एकदा फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "मना ती गाडी शिकव."

दुकान बंद ठेवायचे त्या दिवशी रोह्याहून येऊन मी शिकवायला घेतली. स्कूटर आम्ही आईच्या नावावर करून घेतली होती. बंद पडलेल्या एका मिठागराची जमीन आमच्या घरामागे सुकून टणक झाली आहे, तिथे आम्ही सुरुवात केली. गाडी बिनगिअरची. ब्रेक दोन्ही हातात. पायाला कामच नाही, फक्त थांबताना जमीन धरायची. मी हौसेने पेणच्या बाजारातून आईसाठी बूट आणले होते. बूट घालून आई थांबायला गेली आणि गाडीसकट आडवी झाली. परत उठली, परत आडवी. मग तिने ते बूट काढून बांधावर भिरकावले.

"पायांना दिसत नाय यांच्यात," ती म्हणाली.

मिठागराची जमीन मीठ धरायच्या आधी पायांनी तुडवून तुडवून कडक करावी लागते. कुठे ती अजून ओली आहे, कुठे धरलीय, हे तळव्यांना कळतं. आईने तरुणपणापासून तेच केलं. तिच्या तळव्यांना मिठाने घट्टे पडलेत, भेगा पडल्यात, आणि त्या तळव्यांनी ती गाडी अशी धरायची की मी मागे बसून निवांत व्हायचे. चपलासुद्धा तिने डिकीत टाकल्या. मातीवरून चाक फिरलं की ती हसायची. बाबा गेल्यानंतर आईला तोंड भरून हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

हे सगळं काकांनी बांधावरून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी स्कूटरची चावी आमच्या भिंतीवरून त्यांच्या घरातल्या खुंटीवर गेली. का, तर अनवाणी गाडी चालवणं गुन्हा आहे. लायसन जप्त होतं. अपघात झाला तर विमा मिळत नाही. वरून बाईमाणूस, वरून वय झालेलं, वरून लुगडं. काकांच्या मते आई गाडीवर बसली की कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत मोडत होती.

आता हे एकट्या काकांचं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्याकडचा पट्टाच असा आहे. कंपनीच्या गेटवर सेफ्टी बूट नसतील तर आत घेत नाहीत. बाह्या पूर्ण लागतात. लुंगी चालत नाही. आत गाडी लावायची तर तोंड बाहेर करून, उलटी लावायची. कंपनीच्या आत ते बरोबरच आहे, तिथे लोखंड वितळतं, कोणी चपला घालून फिरू नये. पण घराघरातला पुरुष रोज त्या गेटमधून आतबाहेर करतो, आणि हळूहळू गेटचा नियम गावात सरकारचा कायदा होऊन बसला. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात मोटरसायकल चालवली तर दंड होतो, हे आमच्याकडे लग्नात पंगतीला बसून शपथेवर सांगतात. लुंगीवर बाजारात गाडी नेणाऱ्याला पोरंटोरं "पकडतील हां!" म्हणून ओरडतात. देवळासमोरही लोक गाड्या उलट्या लावतात. सरळ लावली तर कोण जाणे काय होईल!

आणि जो खरा कायदा आहे त्याचं काय? हेल्मेट कोपरात अडकवून येतात, गेट दिसलं की डोक्यावर चढवतात, गेट ओलांडून बाहेर आले की परत कोपरात. कोपराला मेंदू असल्यासारखे. हायवेवर दुभाजकाच्या कटपर्यंत लांब जायला नको म्हणून उलट्या बाजूने निघतात, त्याला नाव 'आपल्याच गावचा रस्ता'. एका गाडीवर तिघं, मधल्याच्या मांडीवर भाजीची पिशवी. यातल्या कशालाही कुणी गुन्हा म्हणत नाही. गुन्हा कोणता? तर आईच्या पायात चप्पल नाही हा.

मला राग येतो तो इथे. अनवाणी चालवणं शहाणपणाचं आहे असं मी म्हणत नाही. कुणाला ते धोक्याचं वाटेल, वाटू दे, त्यावर बोलू. पण जे आपल्याला बघवत नाही त्याला सरळ गुन्हा म्हणून मोकळं व्हायचं आणि चावी आपल्या खुंटीला टांगायची, हे मला मान्य नव्हतं आणि नाही.

पेणच्या नाक्यावर वाहतूक पोलीस उभा होता, त्याला मी जाऊन सरळ विचारलं. त्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. म्हणाला, "चपलेवर कलम नाय हो ताई. हेल्मेट घाला, लायसन ठेवा, पायात काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा." मी विजयी मुद्रेने येऊन काकांना सांगितलं. काका भाकरी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "पोलिसाचं काय, तो उद्या बदलून जाईल. गेट कुठं जातंय?"

यावर माणसाने काय बोलावं? मी बोलले. बरंच बोलले. काकीने मध्ये पडून मला गप्प केलं. तिनेच मग आत नेऊन हळूच सांगितलं, की काका कामाला लागले तेव्हा एकदा बूट विसरून चपलांवर गेले होते. गेटवर त्यांना सगळ्यांसमोर बाजूला काढून उभं केलं आणि परत पाठवलं. गावातली माणसं आत जाताना त्यांच्या पायांकडे बघत होती. त्या दिवसापासून घरातही कुणी चपलेवर गाडीला हात लावला की त्यांचा जीव खालीवर होतो.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्यांचा अपमान त्यांनी आईच्या पायात का घालावा?

चावी शेवटी आईनेच आणली. मी सोबत होते, पण मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. ती काकांच्या ओटीवर चढली, आत गेली, खुंटीवरची चावी काढली आणि कमरेला खोचली. काका उठून उभे राहिले.

"वयनी, कायदा हाय."

आई वळली. "मिठागरात अनवाणी राबली मी तवा कोनी कायदा नाय दाखवला मना. तुझा भाऊस पन होता, तू पन होतास. मिठानं पाय फुटले तवा नाय. आता बहिनीला न्हाऊ घालायला जाते तवा कायदा?"

काकांनी वाट सोडली. पण हार मानतील तर ते काका कसले! आईला शिकाऊ लायसन मिळालं, ती रस्त्यावर सराव करायला लागली, मला मागे बसवून कासूपर्यंत जाऊ येऊ लागली, तरी ते ज्याला त्याला सांगत होते, "चाचणीला नापास करतील, बघा. साहेब पहिलं पाय बघतो."

पक्क्या लायसनची चाचणी पेणला. काका सुट्टी टाकून आले. पाहायला आले म्हणाले; आई कशी परत पाठवली जाते ते पाहायला, हे मला कळत होतं. आदल्या दिवशीच मावशीच्या सुनेचा फोन आला होता, की म्हातारी दोन घासही खात नाही, नुसती दाराकडे बघते. आज नापास झाली तर परत थांबणं, परत काकांची शिफ्ट, परत ओटीवर भरलेला डबा. आणि मला खात्री होती की एकदा सगळ्यांसमोर परत पाठवलं असतं तर आईने पुन्हा गाडीला हात लावला नसता. काकांचं झालं तेच तिचं झालं असतं.

मी तिच्या कानात म्हटलं, "आजच्यापुरत्या चपला पायात राहू दे गो आई." होय, मीसुद्धा म्हटलं. इतकं सगळं बोलून शेवटी मीच गेटच्या बाजूने बोलले.

तिने माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या, डिकीत टाकल्या आणि डिकी धाडकन लावली.

तपासणारे साहेब आले. त्यांनी आईला वरून खाली पाहिलं. लुगड्याचा काचा, घोटे, भेगाळलेले तळवे.

"मावशी, हेल्मेटचा पट्टा लावा," साहेब म्हणाले.

बस, एवढंच. पण काकांना राहवेना. ते पुढे झाले. "साहेब, अनवाणी हाय ती."

"मग?"

"कंपनीत चालत नाय."

"ही कंपनी नाही," साहेब म्हणाले आणि आईला हाताने निघायची खूण केली.

जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा आखलेला होता. आई त्यावरून गेली. वळणावर गाडी किंचित कलली, पण तिचा पाय खाली टेकला नाही. शेवटी थांबली तेव्हा दोन्ही तळवे सपाट जमिनीवर, मिठागरात उभी राहायची तशी. साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. आईला कळेना काय झालं. मी धावत जाऊन सांगितलं, "झालीस पास!" तर म्हणाली, "मग निघू?"

काका त्यांच्या मोटरसायकलकडे गेले. कोपरातलं हेल्मेट हातात घेतलं. आवारात साहेब होते म्हणून की काय, त्यांनी ते डोक्यावर चढवलं. पुढे हायवेला लागल्यावर ते कुठे होतं ते मी पाहिलं नाही. गावात मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवा कायदा पसरवला, की साठीच्या वरच्या बायांना अनवाणी चालवायला सरकारने माफी दिली आहे. लोकांनी तो लगेच मानला. मी खोडायला गेले नाही. असल्या कायद्याने निदान चार बायका गाडीवर बसतील.

लायसन घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई एकटी निडीला निघाली. मी कासूला येऊन मागे बसते, असं फोनवर म्हटलं तर "नको" म्हणाली. मग मी रोह्याहून परस्पर पुढे जाऊन मावशीपाशी बसले. चुलीवर पाणी तापवून ठेवलं. आज कोण येणार हे मी मावशीला सांगितलं नाही, कारण तिला "येतील, येतील" ऐकून वीट आला होता. माझं लक्ष सारखं रस्त्याकडे. फोन करावा तर ती गाडीवर, उचलायची नाही. निदान हा कायदा तरी तिला नीट माहीत होता.

अंगणात गाडी थांबली. आई हेल्मेट काढत दारात आली. कपाळावर हेल्मेटचा वळ, पायांना रस्त्याची धूळ, हातात डबा. मावशीने मान वळवली. तिची जीभ आता जड झाली आहे, शब्द ओढत ओढत येतात. तरी तिने विचारलंच.

"कोना... संगं... आयलीस गो?"

आई तिच्या उशाशी बसली. तिच्या कपाळावरचे चिकट केस मागे सारले.

"कोनासंगं नाय," ती म्हणाली. "मीच आयली. चल, न्हायला."