न घेतलेली नोटीस

"गुरुजींना नमस्कार कर," मालगुजार म्हणाले. माझ्या पोटच्या मुलाने माझ्या पायांवर डोके ठेवले आणि उठून त्यांच्या मांडीशी जाऊन बसला. आठ वर्षांचा. त्याची मुंज होती. खर्च मालगुजार करतील, बापाच्या पाटावर मी बसेन, या समजुतीने मी, त्यांच्या मुर्रीच्या देवळाचा पुजारी, पत्नीसह गोंदियास आलो होतो. पाटावर मालगुजार होते. आईच्या जागी त्यांची पत्नी.

"पौरोहित्य तुम्ही करायचे. संकल्पात आमचे गोत्र म्हणा. कोर्टाचा हुकूम झाला आहे."

"मी मुलगा दिलेला नाही."

त्यांचे मुनीम हसले. "महाराज, तारीख पर काहे नहीं आए? नोटीस तो घर तक गई थी."

मुलाला मालगुजारांनी शाळेसाठी म्हणून गोंदियास ठेवून घेतले होते. जात एक, जेवणाखाण्याची अडचण नव्हती, त्यामुळे मला शंका आली नाही. त्यांना मूल नव्हते; माझ्या पाठीमागे ते त्याला दत्तक म्हणू लागले. पुढे त्यांच्या भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा दत्तक खरे ठरवून घेण्यासाठी त्यांनी भंडाऱ्यास दावा लावला. जन्मदात्यांना कळवणे कोर्टाला भाग होते.

आणि नोटीस खरोखरच आली होती. मी सोवळ्यात अभिषेक करीत होतो. कोर्टाचा शिपाई दारात उभा राहिला, मागे हेच मुनीम.

"महाराज, कागद घ्या जी. कोर्टातून आनला. तुमच्या दोघाईच्या नावचा हाय."

मी हातानेच दूर हो म्हणून खुणावले. कागदाकडे पाहिलेही नाही.

"सोवळे में हैं. लिख दे, लेने से इनकार," मुनीम म्हणाले.

पूजा आटोपून बाहेर आलो तेव्हा दारावर कागद नव्हता. फळीवर कागद डकवल्याची खळ तेवढी ओली होती; डकवून मुनिमांनी तो लगेच काढून नेला असावा. शिजवलेली खळ, म्हणजे खरकटे. मी घागरभर पाणी ओतून दार धुतले. विचारले कोणालाच नाही. माझी पोथी, माझे पाठांतर, माझी शुद्धी! त्या पाण्याबरोबर मुलगा गेला.

हे मी तिथेच, सर्वांदेखत सांगितले. पत्नी मागे बायकांत बसली होती. ती उठली.

"माहं नाव होतं ना त्याच्यावर? मंग मले काऊन नाही सांगतलं? मी का सोवळ्यात होती?"

तीस वर्षे शास्त्र वाचले. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

मालगुजार म्हणाले, "मुहूर्त टळतो आहे. संकल्प म्हणा, नाहीतर देवळाची किल्ली ठेवून जा."

मी किल्ली ठेवली. "हे गोत्र माझ्या तोंडून निघणार नाही." मुलगा रडू लागला, त्याला आत नेले. दुसरा भिक्षुक तयारच होता. आम्ही रस्त्यावर उभे होतो, तेव्हा मंगलाष्टके ऐकू आली.

वकील म्हणतो, हुकूम रद्द होण्याची आशा थोडी आहे. कागद मी स्वतः नाकारला आणि दारावरची खूणही स्वतः धुतली, हे शपथेवर कबूल करावे लागेल. मालगुजारांचा वकील उलटतपासणीत सोवळ्याचा विषय काढेल. लोक हसतील.

हसोत. उद्याच्या गाडीने आम्ही भंडाऱ्यास जात आहोत. अर्ज दोन आहेत, एक माझा, एक तिचा. तिचा आधी वाचला जावा, असे मी वकिलास सांगितले आहे. मुलाचे दान झालेले नाही. तिथे ऐकले नाही तर नागपूरचे वरचे कोर्ट. मुलगा आम्ही दिलेला नाही, आणि देणार नाही.