आईच्या हातचं औषध दादाच्या हातात गेलं

ज्याने आईला औषध दिलं नाही, तो माझा भाऊ आज सकाळी गेला.

तेव्हापासून फोन वाजतोय. थोर शास्त्रज्ञ गेले, पोलादपूरचं नाव मोठं केलं. केलं असेल.

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्याच्या पेपरांतलं मला काही कळत नाही. जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते. कुणाला आवडलं नाही तर पुढे जा.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव. आई काविळीचं औषध द्यायची. एक मूळ सहाणेवर उगाळायचं, ताकातून पाजायचं, तीन सकाळी. पार शिवथरपासून माणसं यायची.

झाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही. सांगायचं ते एकालाच, कानात.

आणि एकदा सांगितलं की आपल्या हाताचा गुण संपला. तो त्याच्या हातात गेला. पुढे औषध त्यानेच द्यायचं. अशी रीत.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दादा मुंबईला लॅबमध्ये रिसर्च करायचा. आईकडून ते मूळ कुटून न्यायचा. त्यात शंभर गोष्टी असतात म्हणे. त्यातली कामाची एक वेगळी काढायची, तिची घडण ओळखायची, आणि मग झाडाला हात न लावता तीच बाटलीत बनवायची.

एकदा त्याने ती काढलेली वस्तू दाखवायला आणली. बोटाएवढी काचेची नळी, तळाला चिमूटभर पांढरं.

आई म्हणाली, "पोतंभर नेलंस नि एवढंच आणलंस? गिरणीवाला बरा रे. पीठ तरी परत देतो."

आम्ही सगळे हसलो. दादाही.

पण त्याचं काम अडलं होतं. त्याचे सर म्हणाले, झाड कुठलं ते सांगता येत नसेल तर सगळी मेहनत फुकट.

आईने दोन दिवस घेतले. मग विचारलं, "मी सांगितलं की माझा हात सुटला. तू देशील ना लोकांना?"

"गावाला काय, जगाला देईन."

आईने त्याच्या कानात सांगितलं. त्या दिवसापासून दाराशी आलेल्या माणसाला ती हात जोडायची. "आता माझ्याकडे काय नाय. थोरला आला की देईल."

थोरला यायचा आणि म्हणायचा, अजून तयार नाही, टेस्टिंग बाकी आहे.

माणसं परत जायची.

मग दीड वर्षाने आईलाच कावीळ झाली.

तार केली. दादा आला. आईची नखंसुद्धा पिवळी झालेली. तिने त्याच्या खिशाकडे बघितलं. नळी होती. कापसात गुंडाळलेली.

"दे ना रे."

"आई, ह्याने लॅबमधले उंदीर मेले."

"समदे?"

"नाही. काही."

"मग? बाकीचे जगले की."

दादाने नळी खिशात आणखी खाली सरकवली. आई म्हणाली,

"बरं, तुझी बाटली ऱ्हाऊ दे. मूळ उगाळून दे."

"मुळातही तेच आहे गो आई. तू किती उगाळायचीस, ते मला कुठे माहीत?"

"मला तरी कुठं म्हाईत? बोटाला कळायचं."

बाबांनी सहाण आणून त्याच्यासमोर ठेवली. वर मूळ ठेवलं. पाण्याची वाटी ठेवली.

दादाने मूळ उचललं. सहाणेवर टेकवलं. आणि तसाच बसून राहिला. किती वेळ, देव जाणे. त्याचा हात हलेना.

मी म्हटलं, "मी उगाळते."

आई म्हणाली, "तुला दिलंय कुठं गो? तुझ्या हाताला नाय लागू पडायचं."

दादा उठला. म्हणाला, "डोली बांधा. महाडला नेऊ."

डोलीने रस्त्यापर्यंत, तिथून एसटीने महाड. डॉक्टर भला माणूस होता. जमेल ते सगळं केलं त्याने. चौथ्या दिवशी आई गेली.

बाबा मरेपर्यंत दादाशी धड बोलले नाहीत. मी बोलायचे, पण टोचून. ते त्याला जास्त लागायचं.

त्यानंतर कितीतरी वर्षं तो त्याच एका वस्तूच्या मागे होता. लग्न उशिरा केलं. शेवटी बनवली त्याने, झाडाशिवाय. परदेशात बोलावणं आलं, महाडात सत्कार झाला, शाल मिळाली. शाल मला आणून दिली.

त्याच दिवशी सांगितलं, "काविळीवर ते काहीच करत नाही गो."

मी उडालेच. "मग लोकं कशी बरी व्हायची?"

"बरेचसे आपोआप बरे होतात."

"म्हणजे आईला दिलं असतं तरी..."

"तसंही नाही. आम्ही एकच वस्तू काढली. बाकी मुळात काय होतं, कोण सांगणार?"

एवढं शिकून हे उत्तर. मी चिडून चहा टाकायला आत गेले.

आईला जाऊन पंचेचाळीसेक वर्षं झाली. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी त्याच्याजवळ बसले होते. नर्स येत नव्हती, चादर ओली, माझं डोकं फिरलेलं. तो एकदम म्हणाला,

"दिलं असतं तर वाचली असती का गो?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? सायंटिस्ट तू."

तो बघत राहिला. माझ्याकडून काहीतरी हवं होतं त्याला. काय हवं होतं तेही मला कळत होतं.

नसती वाचली, दादा. एवढंच म्हणायचं होतं. पैसे पडत नव्हते. तरी म्हटलं नाही. कारण खरं काय ते मला माहीत नाही. नाही माहीत तर कसं सांगू?

त्याने कूस बदलली. मी चादर बदलली.

त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.

जा दादा. रागावलेली नाही मी. आई भेटली तर तिलाच विचार.