हात मागे बांधणाऱ्या बाई

आमच्या मुरबाडच्या कारखान्यातल्या इंजिनियर बाई मशीनसमोर उभ्या राहिल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधतात. पोरं म्हणतात, हा बाईंचा रुबाब. मला तसं वाटत नाही. काही बिघडलं की बाकी सगळ्यांचे हात आधी बटणांकडे धावतात, हे मी स्टोअरमध्ये बसून बघत आलोय.

कॉम्प्युटरच्या चिपा बनवायची लाइन कंपनीच्या जुन्या कारखान्यातून इकडे आणली तेव्हा हेच झालं. मशीन तीच, कागदावरची कृती तीच, तरी सिलिकॉनच्या चकत्यांवरचा लेप भट्टीत तडकायचा. लाइन परत जाणार असं लोक बोलायला लागले. साहेब रोज भट्टीचं तापमान बदलायचे. बाई टोकावड्याच्या, शेतकरी घरातल्या. भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "भाताची आवणी केल्यावर मूळ धरलं का म्हणून रोप रोज उपटून बघता काय? हात लावू नका."

मग त्या जुन्या कारखान्यात जाऊन बसल्या. परत आल्यावर एकच नियम केला: लेप दिला की चकत्या तशाच ठेवून सगळ्यांनी चांगला अर्धा तास चहाला जायचं. तिकडे लेप दिल्यावर चहाची सुट्टी व्हायची आणि कँटीन लांब होतं, माणसं येईपर्यंत लेप सुकायचा. आमचं कँटीन दाराशीच, माणसं लगेच परत यायची, त्यामुळे चकत्या ओल्याच भट्टीत जायच्या.

लेप तडकायचा थांबला. मी विचारलं, "बाई, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कोनी नाय. तिकडच्या बायांना विचारलं, तुमी काय काय करता? त्यांनी कागदातलंच सगळं सांगितलं. मंग विचारलं, तुमचे हात रिकामे कधी असतात गो?"