पडद्यावरची आई

“छानच दिसताय काकू. पण आम्हाला जरा साधं हवंय. रोजचं.”

पुण्याहून कॅमेरा घेऊन आलेल्या ताई आईला म्हणाल्या. आई सकाळीच जांभळी साडी इस्त्री करून नेसली होती. माझ्या पदवीच्या वेळी घेतलेली. ती माझ्याकडे बघायला लागली.

“ही न्हाई चालत व्हय? मंग कोणती नेसू?”

जुनी साडी मीच काढून दिली. खांद्यावर विरलेली, फडक्यासाठी बाजूला टाकलेली. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढे मी ते गाळीन.

मी रॅप करते. पुण्यात दरवर्षी नवीन मराठी रॅपरसाठी हिपहॉपचा महोत्सव भरतो. त्यात स्पर्धा असते. अर्जात एक रकाना होता, ‘तुमचा संघर्ष’. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. रकाना रिकामा सोडायचा नसतो, हे शाळेत पक्कं शिकवलेलं. मी लिहिलं, आई कष्ट करते. निवड झाली. तिथं प्रत्येक स्पर्धक मंचावर येण्याआधी त्याची छोटी फिल्म दाखवतात. तिच्यासाठी ही माणसं आमच्याकडे तीर्थपुरीला आली होती.

आई पिठाची गिरणी चालवते. वडील शाळेची गाडी चालवतात. शेत आम्हाला कधीच नव्हतं. गिरणीच्या पट्ट्याला एक जोड आहे, तो चाकावरून गेला की ठक वाजतं. त्या ठेक्यावर मी ओळी बसवायला शिकले. मी ताईंना गिरणी दाखवली. त्या म्हणाल्या, आवाज फार आहे. आणि हा तर धंदा झाला. शेत मिळेल का कुणाचं?

शेजारच्या काकांच्या कापसात आईला बसवलं. हातात खुरपं दिलं. चेहरा वर नको, कॅमेरावाले म्हणाले. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. पाच-सहा वेळा तेच करून घेतल्यावर आईनं मला विचारलं, “बराबर झालं का, बाळा?”

“बराबर झालं,” मी म्हटलं. ही माणसं उठून गेली तर, एवढीच मला भीती.

पुण्यात मोठ्या पडद्यावर आई दिसली. खाली अक्षरं आली, ‘शेतमजुराची लेक’. गर्दी हळहळली. मी तोंड उघडायच्या आधीच टाळ्या. मी रॅप केला. चांगला झाला की वाईट, मला आजही माहीत नाही. परीक्षक ओळींबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “अशा आईचे पाय धर, बेटा.” मी हात जोडले. अंतिम फेरीत गेले.

गावात ते सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. दळण घेऊन आलेली एक मावशी आईला म्हणाली, “काय गं, कवापासून रोजानं जाऊन राह्यली तू?” बाया हसल्या. आईही हसली.

“पोरीच्या गाण्यासाठी गेल्ते एक दिवस,” म्हणाली आणि डबा उचलून दळण ओतायला लागली. मला तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आठवड्यानं ताईंचा फोन आला. अंतिम फेरीला आईला मंचावर आणायचं. मिठी मारताना तिला रडू आलं तर उत्तमच. “आणि तीच साडी हं. लोक ओळखतात आता.”

मी गिरणीच्या दारात उभी होते. आत पट्टा वाजत होता.

मी म्हटलं, “माझी आई गिरणी चालवते. शेतमजूर असती, तरी जांभळ्या साडीतच आली असती. गिरणी दाखवा, न्हाईतर काहीच दाखवू नका.”

“अगं, तुझ्याच भल्याचं आहे. तुझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल.”

“जाऊ द्या.”

जागा गेली. आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, “एका साडीपायी?” तिला काय सांगू. ती साडी तिच्या हातात मी दिली होती.

यंदाचा अर्ज भरलाय. संघर्षाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. पालकांचा व्यवसाय, तिथं लिहिलं, आई : पिठाची गिरणी. मला बाहेर काढायचं असेल तर माझ्या ओळी ऐकून काढा. माझ्याआधी पडद्यावर फिल्म लागली, तर मी मंचावर चढणार नाही.